धोका पत्करा, पण मोजून

उल्हासनगर कॅम्प २ मधल्या गजानन मार्केटमध्ये कापडाच्या ठाणांमधून वाट काढताना आठवावं, की हे शहर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर उभं आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत आले. १९४९ मध्ये छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. घरदार गमावलेल्या माणसांनी इथे धंदे उभे केले. त्या हिमतीबद्दल मला अपार आदर आहे. पण आज नोकरी सोडून दुकान काढणाऱ्याने हिमतीला हिशेबाची जोड द्यायलाच हवी.

समजा, २५० रुपयांचा शर्ट तुम्ही ३५० ला विकता. भाडं, वीज, पगार मिळून महिन्याचा खर्च ३०,००० रुपये. म्हणजे ३०० शर्ट विकले, की फक्त खर्च निघतो. तुमच्या घरासाठी एक पैसाही उरत नाही. २५ दिवस दुकान उघडं धरलं, तर रोज १२ शर्ट. तेवढं गिऱ्हाईक त्या गल्लीत येतं का, हे भाड्याचा करार करण्याआधी स्वतः उभं राहून मोजा. न खपलेला माल आणि थकलेली उधारी यांत भांडवल अडकतं, तेव्हा नफा कागदावरच राहतो.

मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. हप्ता मात्र खर्चात धरा. आणि बुडाली तरी घर चालेल, एवढीच रक्कम पहिल्या खेपेला लावा. राहतं घर गहाण ठेवून पहिलं दुकान काढू नका.