सेमाडोहचे वाघ आणि लिनक्सचा बॅकअप

परतवाड्याहून घाटातून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. भोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. देशात सुरुवातीला जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांतला हा एक. अशा जंगलांत वाघ आता कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांतल्या पट्ट्यांवरून ओळखतात. २०१८च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रं निघाली. त्यांत वाघांची फक्त ७६,६५१. यातलं एकही पुन्हा काढता येत नाही.

असा संग्रह लिनक्सच्या लॅपटॉपवर सांभाळणाऱ्याला बॅकअपची साधनं भरपूर मिळतात. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची गरज नाही, खिडकी उघडून बटण दाबलं की झालं. पण त्या खिडकीमागे काय चालतं, हे पाहूनच निवड करावी.

लिनक्स मिंटसोबत येणारं टाइमशिफ्ट पुष्कळांची फसगत करतं. ते उत्तम साधन आहे, पण सिस्टमसाठी. अपडेटनंतर संगणक बिघडला तर ते त्याला आधीच्या स्थितीत नेतं. वापरणाऱ्याचं होम फोल्डर मात्र मुळात वगळलेलं असतं, म्हणजे वाघांची छायाचित्रं त्यात नसतातच.

बॅक इन टाइम हे साधन १९९६ साली आलेल्या आरसिंक या फाइलींच्या प्रती काढणाऱ्या साधनावर उभं आहे. दर वेळी ते संपूर्ण संग्रहाची नवी प्रत दाखवतं, तरी डिस्क भरत नाही. न बदललेली फाइल ते पुन्हा लिहीत नाही, तिला हार्ड लिंकने आणखी एक नाव देतं. घरात बाळू आणि शाळेत बाळकृष्ण, माणूस एकच, तसंच. एक नाव पुसलं तरी दुसऱ्या नावाने फाइल शाबूत राहते. मात्र बाजारातल्या बऱ्याच डिस्क एक्सफॅट या फाइल-रचनेत येतात आणि त्यात हार्ड लिंक चालत नाही. अशी डिस्क आधी लिनक्सच्या ईएक्सटी४मध्ये फॉरमॅट करावी लागते. डिस्क जोडताच बॅकअप सुरू व्हावा, अशीही सोय यात आहे. दऱ्याखोऱ्यांतल्या नेटवर्कवरून शेकडो जीबी क्लाउडवर चढवत बसण्यापेक्षा मेळघाटात डिस्कच बरी.

या प्रती साध्या फोल्डरसारख्या उघडतात. घरच्या फोटोंसाठी हा मोठाच गुण. पण वाघ कुठे, किती वाजता दिसला ही माहिती शिकाऱ्याच्या हाती लागली तर? तिथे कूटबद्ध बॅकअपच हवा. बोर्ग या बॅकअप प्रणालीवर चालणारी पिका बॅकअप आणि व्होर्टा तो करून देतात, सारखा मजकूर एकदाच साठवून जागाही वाचवतात. नोम या लिनक्स डेस्कटॉपचं देजा डुपही पासवर्ड लावतं. सेमाडोहसाठी पिका बॅकअप आणि दोन डिस्क ही निवड सर्वांत सयुक्तिक वाटते. एक डिस्क मुक्कामी आणि दुसरी अमरावतीत ठेवावी. पासफ्रेज कागदावर लिहून वेगळी जपावी, कारण ती हरवली तर बोर्गकडे मागचं दार नाही.

पण बॅकअप आहे असं वाटणं पुरेसं नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीमध्ये एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या गोंधळामुळे तयारच होत नव्हता आणि तशी सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या प्रतीने कंपनी वाचली. म्हणून पहिला बॅकअप झाला, की त्याच संध्याकाळी एक फोल्डर दुसऱ्या जागी परत उतरवावं आणि त्यातली छायाचित्रं उघडून पाहावीत.