संगणक बंद करण्याचा अधिकार कोणाचा?

घरात संगणक एक आणि वापरणारे चौघे. प्रत्येकाचे खाते वेगळे, पासवर्डही वेगळा. रात्री सर्वांत शेवटी उठणारा संगणक बंद करू पाहतो, तेव्हा पडद्यावर व्यवस्थापकाचा पासवर्ड मागितला जातो. तो ज्याला ठाऊक, ती व्यक्ती झोपलेली असते. मग हात थेट भिंतीवरच्या बटणाकडे जातो. लिनक्स वापरणाऱ्या घरात हा प्रसंग कधीही उद्भवू शकतो.

या अडवणुकीमागे जुने कारण आहे. 'युनिक्स'चा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. सत्तरच्या दशकात अशा एकाच यंत्रावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून काम करीत. एकाने यंत्र बंद केले, तर सर्वांचेच काम बुडे. म्हणून हा अधिकार 'रूट' या सर्वाधिकारी खात्याकडे राहिला. लिनक्सनेही हाच वारसा उचलला.

वीज अचानक तोडणे मात्र घातक ठरते. साठवलेली माहिती तत्क्षणी डिस्कवर उतरतेच असे नाही; काही काळ ती मेमरीतच असते. आधुनिक फाइल प्रणाली आपली रचना सावरते, पण न उतरलेला मजकूर परत आणू शकत नाही.

मग 'रूट'चा पासवर्ड सर्वांना द्यावा काय? मुळीच नाही. त्याने कोणालाही कोणाचीही फाइल वाचता वा पुसता येते. एका खोलीसाठी साऱ्या वाड्याच्या किल्ल्या देण्यासारखेच ते आहे.

आजच्या बहुतेक लिनक्स आवृत्त्यांत 'सिस्टिमडी' आणि 'पोलकिट' हे घटक याचा निर्णय करतात. प्रत्यक्ष संगणकासमोर बसलेल्या वापरकर्त्याला सहसा पासवर्डविना तो बंद करता येतो. मात्र दुसऱ्या कोणाचे सत्र उघडे असेल, तर व्यवस्थापकाची संमती मागितली जाऊ शकते. म्हणजेच हा नकार बहुधा दुसऱ्याच्या अपुऱ्या कामाचे रक्षण करीत असतो. त्यामुळे काम संपताच प्रत्येकाने लॉगआउट करणे, हा पहिला उपाय.

तेवढ्याने भागत नसेल, तर 'सुडो' उपयोगी पडते. ही सोय १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील केंद्रात तयार झाली. 'सुडोअर्स' फाइलमध्ये एका ओळीचा नियम लिहून ठरावीक व्यक्तींना केवळ 'शटडाउन' ही आज्ञा देण्याची मुभा ठेवता येते. नियमात आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहावा. फाइल नेहमी 'व्हिसुडो'नेच उघडावी. ते जतन करण्यापूर्वी लेखनातील चुका तपासते. सदोष फाइलमुळे 'सुडो'च ठप्प होऊ शकते.

मात्र अशा परवानगीनंतर उघड्या सत्रांसाठी संगणक अडून बसेलच, याची खात्री उरत नाही. तेव्हा आज्ञा देण्यापूर्वी घरात एकदा विचारून घेणे, ही जबाबदारी आपली.