स्पर्धेच्या दौऱ्याला सहल जोडताना

जिंतूरला रेल्वे नाही. परभणी नाहीतर सेलू गाठल्याशिवाय गाडी मिळत नाही, म्हणजे कुठेही जायचे म्हटले तरी प्रवासाचा पहिला टप्पा रस्त्याचाच. अशा गावातून शाळेचा बेसबॉलचा संघ पुण्या-मुंबईकडे खेळायला निघतो, तेव्हा ‘एवढे लांब चाललोच आहोत, तर पोरांना इमॅजिकाचे थीम पार्कही दाखवून आणू’ हे कुणाच्याही तोंडून सहज निघते. त्यात गैर काही नाही. तालुक्याच्या शाळेतल्या मुलाला असा योग वारंवार येत नाही. गडबड होते ती पुढे. स्पर्धा आणि सहल एका गाडीत बसली की त्यांचा हिशेबही एकच, असे गृहीत धरले जाते. मग परवानगी एक, वर्गणी एक, वेळापत्रक एक आणि जबाबदारीही एकाच क्रीडाशिक्षकाची. या गृहीतावर बरेच गैरसमज उभे आहेत. दोन्ही गोष्टी एका दौऱ्यात बसू शकतात. मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी मान्य केले तरच.

पहिला गैरसमज परदेशातून आला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांची मुले ‘डिस्नेला बेसबॉल खेळायला’ जातात, हे ऐकून अनेकांच्या डोळ्यांसमोर झोपाळे आणि रोलर कोस्टर यांच्या मधोमध आखलेले मैदान येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळ डिस्नेने १९९७ साली सुमारे सव्वादोनशे एकरांचे स्वतंत्र क्रीडासंकुल उघडले. तिथले बेसबॉलचे मुख्य स्टेडियम साडेनऊ हजार प्रेक्षकांचे आहे, आणि अटलांटा ब्रेव्ह्ज हा व्यावसायिक संघ कित्येक वर्षे मोसमापूर्वीचा सराव तिथेच करत असे. हे संकुल डिस्नेच्या मालकीच्या जमिनीवर असले तरी थीम पार्कच्या फाटकाच्या आत नाही. मैदान एकीकडे, पार्क दुसरीकडे. यामागचा व्यापारी विचारही सरळ आहे. बारा-चौदा वर्षांचा एक खेळाडू आला की त्याच्याबरोबर आई, वडील, धाकटी बहीण येते, हॉटेलच्या खोल्या भरतात आणि उरलेल्या वेळात पार्कची तिकिटे खपतात. तिकडच्या अनेक युवा स्पर्धांमध्ये आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलातच उतरण्याची अट असते, ती यासाठीच. म्हणजे ज्या देशातून ही कल्पना आली, तिथेही खेळ आणि मौज यांचे पैसे निरनिराळ्या खिशांतून जातात.

आपल्याकडे तर दोन्ही गोष्टी एका ठिकाणी नाहीतच. खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. थीम पार्क, वॉटर पार्क आणि हॉटेल अशी त्याची रचना आहे. ते क्रीडासंकुल नव्हे. काही पालकांच्या डोक्यात अजून एस्सेलवर्ल्डच असते. गोराईचे ते पार्क १९८९ साली उघडले आणि २०२२ साली बंद झाले, तरी गावाकडच्या सहलीच्या चर्चेत ते अधूनमधून डोकावतेच. तेव्हा ‘थीम पार्कमधली स्पर्धा’ अशी जाहिरात कुणी हातात ठेवली, तर सामने नेमक्या कोणत्या मैदानावर होणार, ते मैदान पार्कपासून किती लांब आहे आणि भरलेल्या फीमध्ये पार्कचे तिकीट आहे की नाही, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर लेखी मागावे.

यालाच लागून दुसरा, आणि जास्त महागात पडणारा, गैरसमज येतो: कुठेही खेळले की प्रमाणपत्र मिळते आणि प्रमाणपत्र मिळाले की गुण मिळतात. महाराष्ट्रात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ शालेय क्रीडा स्पर्धांत आहेत, आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी संघ वर चढतो. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांचा संबंध अशा अधिकृत स्पर्धांशी असतो. आरक्षणासाठी क्रीडा विभाग प्रमाणपत्राची पडताळणी करतो, आणि त्यात स्पर्धा कोणी भरवली हे पाहिले जाते. खासगी आयोजकाने फी घेऊन भरवलेली निमंत्रितांची स्पर्धा कितीही चकचकीत असली, करंडक कितीही उंच असला, तरी तेवढ्याने तो कागद या कामाचा ठरत नाही. अशा स्पर्धेला जाऊच नये असे नाही. नव्या संघांशी खेळायला मिळते, अनुभव येतो, आणि तो खराच असतो. पण पालकांकडून पैसे घेताना ‘याचे मार्क मिळतील’ असे सांगणे ही फसवणूक आहे, मग सांगणाऱ्याचा हेतू चांगला का असेना.

सगळ्यात कमी बोलले जाते ते पिचरच्या हाताबद्दल. ‘पोरे लहान आहेत, थकत नाहीत’ हे वाक्य क्रिकेटच्या मैदानावर चालून जात असेल. बेसबॉलमध्ये ते धोक्याचे आहे. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलकाच, पण पिचर तो पूर्ण ताकदीने, पुन्हा पुन्हा, एकाच हालचालीत फेकतो. वाढत्या वयात कोपराजवळच्या हाडाची टोके अजून कूर्चेची असतात आणि जास्तीच्या ताणाने तिथे दुखापत होते. म्हणून अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या संघटनेने फेकींची मोजणी सक्तीची केली आहे: ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ फेकी, १३ ते १६ वर्षांच्या मुलाला ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवशी ६६ किंवा जास्त फेकी केल्या, तर चार दिवस त्याने पुन्हा पिचिंग करायचे नाही. ५१ ते ६५ झाल्या तर तीन दिवस. ज्याने चार डाव कॅचिंग केले, त्याने त्या दिवशी पिचर व्हायचे नाही. आपल्याकडच्या स्पर्धेत ही मोजणी कुणी मागो न मागो, कोपर जिंतूरचे असले काय आणि ऑरलँडोचे असले काय, नियम शरीराचाच आहे. आता हे आकडे तीन दिवसांच्या स्पर्धेवर ठेवून पाहा. पहिल्या सामन्यात एकाच मुलाने शेवटपर्यंत पिचिंग केले, तर उरलेल्या स्पर्धेत तो पिचर म्हणून हाती नाही. म्हणजे संघात निदान तीन-चार पिचर लागतात. ‘मैदानात नऊच खेळतात, मग बारा मुले नेली की झाले, दोन तिकिटे वाचतील’ हा हिशेब इथे कोसळतो. दौऱ्याचा खर्च कमी करायचा तर पार्कचा दिवस कमी करावा, राखीव पिचर नव्हे.

मौजेच्या दिवसाची जागाही इथेच ठरते. रोलर कोस्टरने हात दुखत नाही, मग सामन्याच्या आदल्या दिवशी पार्क केले तर काय बिघडले, असा प्रश्न रास्त आहे. बिघडते ते हाताचे नव्हे. पार्कातला दिवस म्हणजे उन्हात रांगा, दिवसभर उभे राहणे, वेळी-अवेळी खाणे, पाणी पिण्याचा विसर आणि रात्री उशिरा परतल्यावर खोलीत रंगणाऱ्या गप्पा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला क्षेत्ररक्षणाला उभा राहणारा मुलगा अर्ध्या झोपेत असतो, आणि त्याच्याकडे धातूच्या बॅटवरून सुटलेला चेंडू येत असतो. थोडक्यात, पार्क सामन्यांच्या आधी नको, सामन्यांच्या मध्ये तर मुळीच नको.

पैशांकडे वळू. एसटी महामंडळ शालेय सहलींना प्रासंगिक करारावर ५० टक्के सवलत देते, त्यामुळे ‘एसटी अर्ध्या पैशात मिळते’ हे जिंतूरच्या आगारापर्यंत सगळ्यांना माहीत असते. पण ही सवलत शैक्षणिक सहलीची आहे. आपला दौरा कागदावर सहल म्हणून बसतो की स्पर्धेचा प्रवास म्हणून, हे मुख्याध्यापकांचे पत्र देऊन आगारात आधी ठरवून घ्यावे; निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे. मुलींचा संघ असेल तर मार्च २०२३पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सूट आहेच, त्यासाठी सहलही लागत नाही. रेल्वेबाबत जुन्या माहितीवर विसंबणे फार होते. मान्यताप्राप्त स्पर्धांसाठी खेळाडूंना पूर्वी दुसऱ्या वर्गात आणि स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत होती. मार्च २०२०मध्ये रेल्वेने दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी यांचे ठरावीक गट वगळता बाकी सवलती थांबवल्या, आणि त्या ठरावीक गटांत खेळाडू नव्हते. तेव्हा अंदाजपत्रक पूर्ण भाड्याने करावे; सवलत हाती पडली तर पालकांना पैसे परत करता येतात, उलट दिशेने हात पसरणे अवघड. वर्गणीचेही दोन भाग करावेत: स्पर्धेची वेगळी आणि पार्कची वेगळी. एखाद्या पालकाला पार्कचे तिकीट झेपत नसेल, तर त्याच्या मुलाची संघातली जागा त्यापायी जाता कामा नये.

सुरक्षिततेचा विषय दोन घटनांनी कायमचा बदलला आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयातून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका गेल्या. या दोन्ही ठिकाणी मुले मौजेसाठीच आली होती. सहलीसाठी शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी, पालकांचे लेखी संमतीपत्र, मुलींबरोबर शिक्षिका, खोल पाणी टाळणे या गोष्टी आज मागितल्या जातात, त्यामागे हा इतिहास आहे. ‘क्रीडा कार्यालयाचे पत्र आहे, आणखी परवानगी कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ते पत्र सामन्यांचे असते, वॉटर पार्कचे नसते. पालकांनी मुलाला खेळायला पाठवण्यास दिलेली संमती पाण्यात उतरण्यालाही लागू होत नाही. पार्कसाठी निराळा कागद करावा आणि त्यात मुलाला पोहता येते का, दमा, फिट्स किंवा हृदयाचा काही त्रास आहे का, हे विचारावे. झोपाळ्यांना उंचीची मर्यादा असते हेही मुलांना आधीच सांगितलेले बरे. चौदा वर्षांखालच्या संघात दोन-तीन जण त्या खुणेखाली भरतात आणि ऐनवेळी हिरमुसतात. विद्यार्थ्यांना अपघातानंतर सरकारी सानुग्रह अनुदान मिळते, पण ते घटना घडून गेल्यावर, कागदपत्रे सादर केल्यावर. रात्री दवाखान्यात अनामत भरायला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी शिक्षकाच्या हाती वेगळी रक्कम लागते.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे: एवढे कागद, एवढ्या अटी घातल्या तर तालुक्याचा शिक्षक सहलीच्या भानगडीत पडणारच नाही; शहरातली मुले आई-वडिलांबरोबर कधीही जातात, आमची राहतील ती राहतीलच. अन्याय होतो हे खरे. पण कागद कमी केल्याने तो मिटत नाही. तो मिटतो माणसे वाढवल्याने. क्रीडाशिक्षकाने संघ सांभाळावा. सहलीच्या दिवसाची जबाबदारी दुसऱ्या शिक्षकाने आणि सोबत आलेल्या दोन पालकांनी घ्यावी. एकाच माणसाने धावफलक, बसचा ड्रायव्हर, हरवलेले हेल्मेट आणि वॉटर पार्क हे सगळे पाहायचे म्हटले, तर काहीतरी निसटणार.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असतात. संघ पहिल्याच सकाळी हरला तर तिथे तीन दिवस बसून काय करायचे? आणि पार्कची तिकिटे तर तारीख ठरवून काढलेली. म्हणूनच अनेक जण हरल्याबरोबर मुलांना घेऊन पार्क गाठतात आणि परतीला लागतात. माझ्या मते हा या दौऱ्यातला सगळ्यात वाया घालवलेला भाग आहे. जिंतूरच्या मुलांना चांगल्या दर्जाचा बेसबॉल डोळ्यांनी पाहायला मिळतो तो याच दिवसांत: सॉफ्टबॉल-बेसबॉलची जुनी परंपरा असलेल्या जिल्ह्यांचे संघ कसे उभे राहतात, कॅचर खुणा कशा करतो, बेसवरचा खेळाडू चोरून कधी पळतो. अंतिम सामना बघून मगच मौजेला निघावे. तिकिटाची तारीख अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची धरली की संघ जिंको वा हरो, ती बदलावी लागत नाही.

आणि इमॅजिकाच हवे असा हट्टही नको. जिंतूरहून खोपोली रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडते. स्पर्धा पुण्यात किंवा मुंबईकडे असेल तर ते तिथून जवळ पडते. रेल्वेने गेल्यास कल्याणला उतरून खोपोली लोकल मिळते. स्पर्धा संभाजीनगर, नाशिक किंवा अहिल्यानगरला असेल, तर मात्र खोपोली म्हणजे उलटा वळसा. त्यापेक्षा शिर्डी जवळ आहे. तिथे वॉटर पार्कही आहे आणि भक्तिविषयक थीम पार्कही, आणि मुलांबरोबर आलेल्या पालकांना दर्शनही होते. तेव्हा शाळांनी ठिकाणाचा निर्णय जाहिरात बघून न करता स्पर्धेचे गाव कळल्यावरच करावा, आणि पालकसभेत खर्चाचे दोन तक्ते, दोन संमतीपत्रे आणि सोबत येणाऱ्या मोठ्या माणसांची यादी समोर ठेवल्याशिवाय एक रुपयाही गोळा करू नये. पालकांनीही हे कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.