चिरे आकाशातले, पण घर?

पेडणे किंवा डिचोलीकडे घर बांधायचे झाले म्हणजे आधी चिऱ्यांची सोय पाहावी लागते. खाणीवरून चिरे येतात, अंगणात रचले जातात आणि पावसाळा तोंडावर आला तरी कित्येकदा तसेच पडून राहतात. चिरे आले म्हणजे घर झाले, असे कोणी म्हणत नाही. जोते हवे, सांधायला माल हवा, आणि मुख्य म्हणजे गवंडी हवा. सजीवसृष्टीच्या उगमाविषयी बोलताना मात्र ही साधी गोष्ट आपण विसरतो. 'अशनीत जीवनाचे घटक सापडले' अशी बातमी वर्तमानपत्रात आली की वर्गात हमखास प्रश्न येतो, "म्हणजे सर, जीव आकाशातूनच आला ना?" या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न गुंतलेले आहेत. चिरे आकाशात तयार होतात का, हा पहिला. घरही तिथेच बांधले गेले का, हा दुसरा. ते वेगळे करून पाहणे हाच या लेखाचा हेतू.

प्रथम चिरे कोणते ते पाहू. आपल्या शरीरातील प्रथिने प्रामुख्याने २० प्रकारच्या अमायनो आम्लांची बनलेली असतात. आनुवंशिक गुण पुढच्या पिढीकडे नेणाऱ्या डीएनए व आरएनए या रेणूंत एकंदर पाच प्रकारचे नत्रयुक्त घटक असतात. असे सेंद्रिय पदार्थ केवळ सजीवच बनवू शकतात, अशी एके काळी समजूत होती. १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मूत्रात आढळणारा युरिया प्रयोगशाळेत तयार केला आणि त्या समजुतीला पहिला तडा गेला. १९५३ साली शिकागो येथे स्टॅन्ली मिलर या तरुण संशोधकाने हॅरॉल्ड यूरी यांच्या मार्गदर्शनाखाली मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांतच पाण्यात अमायनो आम्ले आढळली. परंतु आदिम पृथ्वीच्या वातावरणात मिथेन व अमोनिया इतक्या प्रमाणात होते का, याविषयी पुढे शंका निघाली. साहजिकच काहींची दृष्टी पृथ्वीबाहेर वळली.

बाहेर काय आहे? ताऱ्यांच्या दरम्यान वायू व धूळ यांचे अफाट मेघ पसरलेले आहेत. त्यांच्या गाभ्यातील तापमान उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास असते. अशा थंडीत रसायनक्रिया कशी घडावी, असे वाटेल. पण रेडिओ दुर्बिणींनी तेथे १९६९ साली फॉर्मल्डिहाइड शोधून काढले, आणि १९७५ साली धनु राशीच्या दिशेच्या एका मेघात आपल्या फेणीत असते तेच अल्कोहोल सापडले! धुळीच्या कणांवर पाणी, अमोनिया, मिथेनॉल इत्यादींचा बर्फ साचतो, त्यावर ताऱ्यांचे अतिनील किरण पडतात, रेणू तुटतात आणि नव्या रीतीने जोडले जातात. २००२ साली अमेरिकेत व युरोपात दोन गटांनी असाच बर्फ प्रयोगशाळेत तयार करून त्यावर अतिनील किरण सोडले. बर्फ वितळवून, उरलेल्या पदार्थावर आम्लाची प्रक्रिया करून तपासणी केली, तेव्हा त्यात अमायनो आम्ले मिळाली.

प्रयोगशाळेत घडले म्हणजे आकाशात घडतेच, असे नाही. त्यासाठी आकाशातला दगडच हाती यावा लागतो. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन गावाजवळ असे दगड पडले. त्यांचे एकूण वजन १०० किलोंहून अधिक भरले. श्रीलंकेत जन्मलेले शास्त्रज्ञ सिरिल पोन्नमपेरुमा व त्यांचे सहकारी यांनी १९७० साली त्यात अमायनो आम्ले असल्याचे जाहीर केले. पण येथे एक अडचण उभी राहते. गुरे चरतात तिथे पडलेल्या दगडाला आपल्या मातीतले जंतू लागायला किती वेळ? सापडलेला माल घरचा की बाहेरचा, हे कसे ओळखावे?

याची एक सुंदर युक्ती आहे. आपले दोन पंजे सारखेच दिसतात, पण डाव्या हातमोज्यात उजवा हात जात नाही. बहुतेक अमायनो आम्लांचेही असेच डावे व उजवे असे दोन प्रकार असतात. सजीव आपली प्रथिने बांधताना डावाच प्रकार वापरतात. मर्चिसनच्या दगडातील अमायनो आम्लांत मात्र दोन्ही प्रकार जवळजवळ सारख्या प्रमाणात होते. शिवाय पृथ्वीवरील सजीवांच्या प्रथिनांत न आढळणारी काही अमायनो आम्लेही त्यात होती. म्हणजे माल बाहेरचाच!

तरीही कोणाच्या मनात किंतु उरला असेल, तर तो बेन्नू या लघुग्रहाने दूर केला. अमेरिकेच्या यानाने २०२० साली त्याच्या पृष्ठभागावरील खडे व धूळ उचलली आणि २४ सप्टेंबर २०२३ रोजी ती बंद कुपीतून पृथ्वीवर उतरवली. वजन अवघे १२१.६ ग्रॅम, पण पृथ्वीच्या मातीचा स्पर्श नाही. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमायनो आम्ले, आणि डीएनए-आरएनए यांचे पाचही नत्रयुक्त घटक त्यात होते. इथेही डावे-उजवे सारखेच होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले : चिरे आकाशात तयार होतात.

ते पृथ्वीवर सुखरूप पोहोचतात का? बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहिले की एवढ्या आघातात कोणता रेणू टिकणार, असे वाटते. परंतु लहान अशनीचे कवच तेवढे जळते, आतला भाग थंड राहतो. आणि सूक्ष्म धूळ तर अलगद खाली येते. अशी धूळ आजही दरवर्षी हजारो टन येते.

आता दुसरा प्रश्न. फ्रेड हॉईल आणि मूळचे श्रीलंकेचे चंद्रा विक्रमसिंघे यांचे म्हणणे असे की, चिरेच काय, सूक्ष्मजीवही धूमकेतूंच्या द्वारे आकाशातून येतात. बहुतेक शास्त्रज्ञांनी हे मानले नाही. हॉईल यांचे शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी वादात न अडकता प्रयोग करायचे ठरवले. इतक्या उंचीवर जमिनीवरचे जंतू सहसा पोहोचत नाहीत, तेव्हा तिथली हवाच तपासावी! इस्रोच्या साहाय्याने २००१ साली हैदराबादहून फुगा सोडण्यात आला. २० एप्रिल २००५ रोजी पुन्हा एक प्रचंड फुगा उडाला. द्रवरूप निऑनने थंड केलेल्या पोलादी निर्जंतुक नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरली गेली. हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांनी तिची स्वतंत्र तपासणी केली. जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत जीवाणूंच्या तीन जाती नव्या निघाल्या. एकीला हॉईल यांचे, दुसरीला इस्रोचे व तिसरीला आर्यभटाचे नाव मिळाले.

२००९ साली ही बातमी आली तेव्हा 'परग्रहावरचे जीव सापडले' असे म्हणणे सोपे होते. पण प्रयोग करणाऱ्यांनी तसे म्हटले नाही. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे इस्रोने स्पष्ट केले. पुढे आर्यभटाच्या नावाचा जीवाणू तर जमिनीत, वनस्पतींच्या मुळांशीही आढळू लागला. मर्चिसनच्या वेळचा तोच प्रश्न, घरचा की बाहेरचा? अमायनो आम्लांच्या बाबतीत डाव्या-उजव्याची साक्ष मिळाली. या जीवाणूंच्या बाबतीत तशी साक्ष मिळाली नाही. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. आपल्या गुरूच्या मताला अनुकूल असा निष्कर्ष हाती येण्याजोगा असतानाही पुराव्यापलीकडे न जाण्याचा हा संयम, हा त्या प्रयोगाचा मोठाच धडा आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, हिशेब असा आहे. चिरे आकाशात तयार होतात, हे सिद्ध. काही चिरे पृथ्वीवरही तयार होऊ शकतात, हेही प्रयोगाने दिसले. पण निर्जीव रेणूंतून स्वतःची प्रत काढणारी पहिली पेशी कोठे व कशी उभी राहिली, आणि तिने डावेच चिरे का निवडले, हे कोणालाही सांगता आलेले नाही. अंगणातल्या ढिगाकडे बोट दाखवून घर झाल्याचे सांगणाऱ्याला आपण हसतो. तीच सावधगिरी आकाशाच्या बातम्या वाचतानाही बाळगावी. गवंड्याचा शोध अजून चालू आहे, आणि त्या शोधात आपल्या महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी उद्या का नसावा?