अम्मींची राईची उशी

नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि आम्हा दोघी भाभींच्या अंगात शिवणाचे वारे शिरले. मालवणच्या बाजारातून मखमल आणली, साटीन आणले, टिकल्या आणि लेस आणली. अकीक्याच्या दिवशी बाळ नवाबासारखे दिसले पाहिजे, एवढेच डोक्यात. बाळ आले जुलैत, ऐन पावसात. मखमली कुडते त्याच्या अंगावर अर्धा तास टिकले. लेस टोचून मानेवर लाल चट्टे उठले आणि घरभर रडारड. दोष आमच्या हौसेचा होता. ते कपडे आपल्यासाठी, फोटोसाठी शिवले होते; बाळासाठी नव्हे.

मग कपाट उघडले. वापरून वापरून लोण्यासारख्या मऊ झालेल्या सुती लुंग्या, मलमलच्या दोन ओढण्या, अम्मींच्या (आमच्या सासूबाईंच्या) जुन्या साड्या. आपल्या किनाऱ्यावर बाळंतविडा यातूनच निघतो, आणि पावसाळ्यात तर यातूनच निघावा. जाड कापड दोन दोन दिवस वाळत नाही, त्याला कुबट वास येतो. लुंगीचा लंगोट पंख्याखाली काही तासांत वाळतो. बाळाला दिवसाला डझनभर तरी लागतात, तेव्हा हा फरक आईलाच कळतो.

लंगोटासाठी 18 इंचांचा चौरस कापायचा, तिरका दुमडला की दुहेरी त्रिकोण तयार. झबल्याची लांबी 11 इंच, छातीचा घेर 20 इंच ठेवला तर दोन-तीन महिने पुरते. झबले पुढून पूर्ण उघडे असावे, डोक्यावरून ओढायला लागू नये. बंद छातीच्या बाजूला आणि आखूड लावायचे. गळ्याशी नाडी नको, टोपड्याला हनुवटीखाली बांधायची लांब फीतही नको. बटण, मणी, टिकली काहीच नको. सुटले की ते थेट तोंडात जाते. कापड नवे असेल तर कापण्याआधी दोनदा धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात झबले आटते.

सातव्या दिवशी जावळ काढले की डोके अगदी कोवळे, उघडे पडते. म्हणून टोपड्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, आत नुसते मऊ कापड. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो, त्यापेक्षा बोटभर सैल बेतायचे. आणि आमच्याकडची एक जुनी शिस्त: शिवायला बसताना सुया मोजायच्या, उठताना पुन्हा मोजायच्या. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी जेवायला उठत नाही.

खरी अडचण उशीची झाली. अम्मींनी आमच्याही आधी, गुपचूप, मलमलची पिशवी शिवून त्यात राई भरून ठेवली होती. बाळाचे डोके गोल होते म्हणे, आणि त्यांची सगळी मुले अशाच उशीवर वाढलेली. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले होते, की वर्षाच्या आतल्या बाळाला कसलीच उशी नको. सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे झोपवायचे. मऊ वस्तूत नाक दबले तर एवढ्याशा जिवाला मान वळवता येत नाही. शिवाय शिवण उसवली तर राई नाकात, कानात जाणार. हे अम्मींना सांगायचे कुणी? दोन दिवस आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी नणंदच म्हणाली, ‘‘अम्मी, उशी नको, तुमच्या साडीची गोधडी द्या. तुमचा वास येईल त्याला.’’

अम्मी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून स्वतःच साडी निवडली, हिरवी, काठाची. काठ उसवून बाजूला काढले, ते बाळाला टोचतात. तीन पदर एकावर एक अंथरून चौघी चार कोपऱ्यांना बसलो आणि धावदोरा घालू लागलो. कापूस भरला नाही. अंगाखालची गोधडी पातळच हवी, आणि अंगावर घ्यायला मलमलचे दुपटे छातीपर्यंत पुरते.

गोवा ओलांडून उत्तर कन्नडात, यल्लापूर-हल्याळ-मुंडगोडकडे, सिद्दी समाजाच्या बाया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची अशीच गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. त्या कडेपासून आत शिवत येतात. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांचे फूल लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. त्यांच्यात मुसलमान घरेही पुष्कळ आहेत आणि काहींच्या गोधडीत चंद्रकोर दिसते. आम्हीही कोपऱ्यांवर फुले लावून पाहिली. तीन नीट जमली, चौथे वाकडे झाले. ते वाकडे फूल अम्मींनी काढू दिले नाही.

खेळणे म्हणून पुढे सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी भोवरा येईलच, त्याला अजून अवकाश आहे. उशीतली राई अम्मींनी चाळून बरणीत भरली. परवा कैरीच्या लोणच्याला तीच वापरली.