बत्तीस स्लॉट आणि पाच खुंट्या

बँकेच्या शाखेत, कोपऱ्यातल्या रॅकवर लीज्ड लाइनचा (भाड्यानं घेतलेल्या खास लाइनचा) मोडेम वर्षानुवर्षं धूळ खात असायचा. त्याचं झाकण काढलं की सर्किट बोर्डावर बोटाच्या पेराएवढी लाल किंवा निळी पट्टी दिसायची आणि तिच्यावर ओळीनं चिमुकल्या पांढऱ्या खुंट्या. हे डिप स्विच. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दोन्ही टोकांच्या मोडेममधल्या खुंट्या सारख्याच सरकवल्या, की शाखेची लाइन 64 किलोबिटवरून 128 वर. ना पासवर्ड, ना सॉफ्टवेअर!

खरी गंमत पुढे आहे. खुंटी सरकवल्यानं तारेतला वेग तसूभरही वाढत नाही. आपल्याकडे आणि युरोपात चालते त्या ई-वन लाइनवर सेकंदाला 20,48,000 बिट धावतात. तुम्ही 64 किलोबिटचे पैसे भरा नाहीतर 512 चे.

64 हा आकडा आला माणसाच्या आवाजातून. टेलिफोनसाठी आवाजाचा 4000 हर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. तो अंकांत उतरवायचा तर त्याच्या दुपटीनं, म्हणजे सेकंदाला 8000 वेळा नमुना घ्यावा लागतो. दर नमुन्याला 8 बिट, म्हणून एका आवाजाचे 64,000 बिट. ब्रिटिश इंजिनिअर ॲलेक रीव्ह्ज यांना ही पद्धत 1930 च्या दशकातच सुचली होती, पण व्हॉल्व्हच्या जमान्यात ती फार महाग पडे.

ई-वनमध्ये असे 32 टाइमस्लॉट एकामागून एक येतात. अख्खी फेरी 125 मायक्रोसेकंदांत संपते; एकेकाच्या वाट्याला जेमतेम 4 मायक्रोसेकंद. शून्य क्रमांकाचा स्लॉट ‘फेरी इथे सुरू झाली’ एवढं सांगण्यात जातो. बँकेच्या कॉम्प्युटरला बोलण्याशी देणंघेणं नाही, पण लाइन मिळते ती याच मापात.

म्हणजे खुंट्या सांगतात ते इतकंच: यातले किती स्लॉट तुमचे. समजा पाच खुंट्यांची किंमत 1, 2, 4, 8 आणि 16 आहे. 1 आणि 4 च्या वर केल्या की पाच स्लॉट, म्हणजे 320 किलोबिट. बाकीच्या स्लॉटमधून निरर्थक बिट वाहत राहतात. समोरच्या टोकाला सहा स्लॉट लावलेले असतील, तर लाइनचा दिवा हिरवा आणि डेटाचा नुसता गोंधळ.

माझ्या मते सगळ्यात नाठाळ खुंटी वेगळीच, घड्याळाची: बिटांचा ताल कुठून घ्यायचा ते ठरवणारी. दोन्ही टोकांच्या मोडेमनी आपापलंच घड्याळ वापरलं, तर नियमात बसणारा फरकसुद्धा (दहा लाखांत 50, इकडे कमी आणि तिकडे जास्त) सेकंदाला 200 हून अधिक बिटांची चूक करतो. सव्वा सेकंदात अख्खी फेरी घसरते! म्हणून एकानं ताल द्यायचा आणि दुसऱ्यानं लाइनवरून येणारा ताल धरायचा.

वीज गेली तरी खुंटी जागची हलत नाही, आणि परगावी बसून तिला कुणी हात लावू शकत नाही. अर्थात बदल करायचा तर माणसालाच तिथवर जावं लागतं.

असा डबा उघडायची वेळ आलीच तर आधी खुंट्यांचा फोटो काढून ठेवा. आणि त्या शिसपेन्सिलीनं सरकवू नका: तिच्यातल्या ग्राफाइटची पूड वीज वाहून नेते.