लाकडाची खमंग भाजणी!

शिर्डीला गेलात की द्वारकामाईतली धुनी बघताच ना? साईबाबांनी पेटवलेली ही धुनी १९१८मध्ये त्यांनी देह ठेवल्यानंतरही आजवर धगधगते आहे. आत लाकूड जातं, बाहेर उदी येते आणि तिची पुडी कपाळाला लावून आपण घरी निघतो.

आता एक क्विझ! तेच लाकूड, तीच धग, पण हवा एकदम बंद केली तर? राख होणारच नाही! जळायला हवा लागते. ती नसेल, तर लाकूड जळत नाही, नुसतं भाजलं जातं. अगदी चकलीच्या भाजणीसारखं!

माहीत आहे का, या भाजणीला शास्त्रज्ञांनी चक्क कॉफीचं नाव दिलंय? ‘टॉरिफॅक्शन’! फ्रान्समध्ये कॉफीच्या बिया भाजण्यालाही हाच शब्द आहे. थोडक्यात काय, लाकडाचा डार्क रोस्ट!

आच किती? २०० ते ३०० अंश सेल्सिअस. तेवढ्यात लाकडातलं पाणी पळतं, धूर करणारा बराच ऐवज उडतो आणि वजन साधारण ३० टक्क्यांनी घटतं. ऊर्जा मात्र ९० टक्क्यांच्या आसपास शाबूत! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, याचा लॅबमधला पुरावाच म्हणा ना.

आणखी एक बोनस. भाजलेलं लाकूड पाणी फारसं पीत नाही. पावसाळ्यात ओल्या सरपणावर फुंकणी फुंकून ज्यांचे डोळे चुरचुरलेत, त्यांना याची किंमत बरोबर कळेल.

शिवाय ते होतं कुरकुरीत! कच्च्या लाकडाचे तंतू चिवट असतात, गिरणीत दळता दळत नाहीत. भाजलं की भुगा झटपट. म्हणूनच औष्णिक वीजकेंद्रांमध्ये दगडी कोळशासोबत जैवइंधन जाळण्याचं केंद्र सरकारचं २०२१चं धोरण आलं, तेव्हा तिथल्या कोळसा दळणाऱ्या काही प्रकारच्या गिरण्यांसाठी भाजलेल्याच पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, सांगितल्या गेल्या.

आच आणखी वाढवा. ४००च्या पुढे गेलात की हाती येतो आपला जुना दोस्त, कोळसा. एका किलोत साधारण ७,००० किलोकॅलरी, म्हणजे घरच्या सरपणाच्या जवळजवळ दुप्पट. पण हिशेब चोख हं! मातीखाली झाकलेल्या जुन्या पद्धतीच्या भट्टीत किलोभर कोळसा पाडायला पाचेक किलो लाकूड खपतं.

या कोळशाला आपण ‘लोणारी कोळसा’ का म्हणतो, माहीत आहे का? तो पाडणाऱ्या लोणारी समाजावरून! खाणीतला तो दगडी, भट्टीतला तो लोणारी. एका समाजाचं कसब थेट इंधनाच्या नावात जाऊन बसलं. मला तरी हा किताब कुठल्याही पदकापेक्षा मोठा वाटतो.

जपानी मंडळींचा ‘बिनचोतान’ कोळसा तर गातोसुद्धा! दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा टणटण आवाज. ओकच्या एका जातीचं लाकूड आणि शेवटी १,००० अंशांच्या वर नेलेली आच, ही त्यामागची करामत.

आणि कोळशावर धावणारी बस? होती ना! दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं, तेव्हा आपल्याकडच्या बसगाड्यांना चक्क कोळशाच्या भट्ट्या जोडल्या गेल्या. भट्टीतल्या गॅसवर इंजिन सुरू, डबल बेल, चलो!

आता परत शिर्डीच्या शिवारात. हा पट्टा उसाचा. जवळच प्रवरानगर, विठ्ठलराव विखे पाटलांनी उभ्या केलेल्या आशियातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचं गाव. ऊस कारखान्यात जातो, रानात उरतं पाचट. किती? हेक्टरी दहा टनांच्या घरात! त्याचं आच्छादन करून ते रानातच कुजवलं तर झकासच. पण कितीतरी ठिकाणी त्याला सरळ काडी लावतात. रात्री रस्त्याकडेला ती लालभडक रांग दिसली की जीव हळहळतो. अहो, इंधनच जळतंय ते, आणि तेही कुणाची चूल न पेटवता!

यावर पुण्याच्या ‘आरती’नं भन्नाट भट्टी जमवली. आरती म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेली ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट. कर्वे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव आणि लेखिका गौरी देशपांडे यांचे बंधू. घराणंच हेवीवेट! त्यांच्या कन्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी हे पाचटाचं काम पुढे नेलं.

युक्ती ऐका. पिंपात पाचट ठासून भरायचं आणि भट्टीत खालून थोडं पाचटच जाळायचं. पिंप तापलं की आतून गॅस सुटतो, तोच पेट घेतो आणि पुढची आच तोच पुरवतो. पाचटच शिजतं, पाचटच शिजवतं! पिंपात उरलेला कोळसा मात्र पानांचा, त्यामुळे भुरभुरीत. म्हणून त्यात खळ मिसळायची, यंत्रातून कांड्या पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. या कामाला २००२मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

आणि या कांड्यांवर स्वयंपाक किती होतो? ‘आरती’च्याच ‘सराई’ कुकरमध्ये अवघ्या १०० ग्रॅम कांड्यांवर पाच माणसांचा भात, डाळ आणि भाजी! कांड्या पेटवायच्या, डबे चढवायचे, झाकण लावायचं आणि निवांत दुसऱ्या कामाला लागायचं. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, गॅस बारीक करायला धावायचं नाही. जेवण तयार होतं, तोवर खालचा विस्तव आपला आपण विझलेला असतो.